पटकीच्या विषाचा माग काढणारे संशोधक डॉ. शंभूनाथ डे

एखाद्या शास्त्रज्ञाचे मोठेपण त्याला लाभलेल्या पदांवरून आणि पुरस्कारांवरून मोजण्याची रीत आहे. त्याच्या शोधनिबंधांचा आधार पुढच्या संशोधकांनी किती घेतला, हा त्याहून वेगळा आणि अनेकदा अधिक विश्वासार्ह निकष ठरतो. कोलकात्याचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. शंभूनाथ डे यांच्या बाबतीत या दोन निकषांनी दिलेली उत्तरे परस्परांच्या अगदी विरुद्ध होती. भारतातील प्रमुख विज्ञान अकादमींपैकी एकीचेही सदस्यत्व त्यांना हयातीत मिळाले नाही, कोणताही मोठा राष्ट्रीय सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. पण पटकी, म्हणजेच कॉलरा, या रोगाविषयीच्या जगभरातील आधुनिक संशोधनाचा माग काढत मागे जाऊ लागले, की तो मार्ग त्यांच्या १९५० च्या दशकातील मोजक्या शोधनिबंधांपाशी येऊन थांबतो.

बालपण आणि शिक्षण

शंभूनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या गावी झाला. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची होती. वडिलांचा छोटा व्यापार नीट चालत नव्हता आणि मुलाच्या शिक्षणाचा भार उचलणे त्यांना अवघड जात होते. अशा वेळी काकांनी या हुशार पुतण्याला आधार दिला. गावातील शाळेत चांगले यश मिळवून शंभूनाथ हुगळी मोहसीन महाविद्यालयात दाखल झाले आणि तेथून शिष्यवृत्तीच्या बळावर कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचले. १९३९ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, तर १९४२ मध्ये उष्णकटिबंधीय रोगांविषयीची पदविका मिळवली.

महाविद्यालयातील विकृतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. एन. डे यांनी या विद्यार्थ्याची गुणवत्ता हेरली. पुढे शंभूनाथ हे त्यांचे जावई झाले. रुग्ण तपासण्यापेक्षा रोग शरीरात नेमके काय करतो हे शोधण्याकडे तरुण डॉक्टरांचा कल होता. त्यांना विकृतिशास्त्राची वाट दाखवण्यात आणि उच्च शिक्षणासाठी परदेशी पाठवण्यात प्राध्यापक डे यांचा मोठा वाटा होता.

१९४७ मध्ये, देश स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, डॉ. शंभूनाथ डे लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात ख्यातनाम विकृतिशास्त्रज्ञ सर रॉय कॅमरॉन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९४९ मध्ये लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. फुप्फुसात द्रव साचण्याच्या विकारावर त्यांनी कॅमरॉन यांच्यासमवेत केलेले काम त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. रक्तवाहिन्यांतील पाणी कोणत्या कारणाने अवयवांमध्ये उतरते, हा त्या अभ्यासाचा गाभा होता. मायदेशी परतल्यावर त्यांनी जो रोग निवडला, त्यातही मूळ प्रश्न शरीरातील पाणी आतड्यात का वाहून जाते, हाच होता.

पंचाहत्तर वर्षांचे कोडे

गंगेचा त्रिभुज प्रदेश हे पटकीचे परंपरागत माहेरघर. एकोणिसाव्या शतकात येथून निघालेल्या साथी व्यापाराच्या, सैन्याच्या आणि यात्रेकरूंच्या मार्गाने जगभर पसरल्या. महाराष्ट्रातील अनेक गावांच्या वेशीवर आजही असलेली मरीआईची ठाणी आणि पंढरीच्या वारकऱ्यांना एके काळी टोचली जाणारी पटकीची लस या त्याच भयाच्या खुणा होत. रोग्याला तांदळाच्या धुवणासारखे पाण्यासारखे जुलाब होतात, एका दिवसात दहा लिटरहून अधिक पाणी शरीराबाहेर जाऊ शकते, डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते आणि उपचार न मिळाल्यास काही तासांत मृत्यू ओढवतो.

जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यातच स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू या रोगाचे कारण असल्याचे निश्चित केले. हा जंतू आतड्याच्या आत राहतो, रक्तात शिरत नाही, तरीही रोगी दगावतो. तेव्हा जंतू एखादे विष सोडत असला पाहिजे, असा तर्क कॉख यांनी मांडला होता. पण ते विष कुणालाच सापडले नाही. कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर यांना पटकीच्या जंतूंवर काम करताना जंतूच्या शरीराचाच भाग असलेले आणि जंतू मेल्यावर मोकळे होणारे विष आढळले. या अंतर्विषाच्या शोधाने संशोधनाला वेगळेच वळण लागले. पटकीचे कारण हेच विष असावे, असे मानून पुढची कित्येक दशके ते प्राण्यांच्या रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत टोचून पाहण्यात आले. प्राणी मरत, पण त्यांना पटकीसारखे जुलाब होत नसत. आतड्याचे अस्तर सोलून निघाल्यामुळे पाणी पाझरते, अशीही एक समजूत बराच काळ रूढ होती.

लंडनहून परतल्यावर डॉ. डे कलकत्त्याच्या नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवू लागले. पूर्वी कॅम्पबेल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तेथील रुग्णालयात पटकीच्या रोग्यांची वर्दळ असे. फाळणीनंतर निर्वासितांनी भरून गेलेल्या शहरात या रोगाला भरपूर वाव होता. रोज डोळ्यांसमोर माणसे दगावत असताना या रोगाची यंत्रणा अज्ञात असावी, याची बोचणी त्यांना लागली. महाविद्यालयात संशोधनासाठी फारशी साधने नव्हती. अध्यापनाचे आणि शवविच्छेदनाचे नेहमीचे काम सांभाळून, मिळेल त्या जागेत आणि मिळेल त्या साहित्यानिशी त्यांनी प्रयोगांना सुरुवात केली.

सशाच्या आतड्यातील प्रयोग

डॉ. डे यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. जंतू आतड्यात असतो आणि पाणीही आतड्यातच वाहते, तर विषाची परीक्षा रक्तात न करता आतड्याच्या आतल्या बाजूनेच का करू नये, असा विचार त्यांनी केला.

त्यासाठी त्यांनी योजलेली पद्धत अतिशय साधी होती. सशाला भूल देऊन त्याच्या लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना रेशमी धाग्याने बांधून घ्यायचा, म्हणजे रक्तपुरवठा चालू असलेली एक बंद पिशवी तयार होते. या पिशवीत पटकीचे जंतू वाढवलेला द्रव थोड्या प्रमाणात टोचायचा आणि आतडे पुन्हा पोटात ठेवून पोट शिवून टाकायचे. तुलनेसाठी दुसऱ्या पिशवीत जंतू नसलेला द्रव घालायचा. साधारण एका दिवसाने पाहिले असता जंतू घातलेली पिशवी तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने टम्म फुगलेली असे, शेजारची दुसरी पिशवी मात्र रिकामी आणि चपटी राही. मानवी आतड्यात जे घडते, तेच प्रयोगशाळेत एका लहानशा बंद जागेत घडवून आणण्यात यश आले होते.

सहकारी डी. एन. चॅटर्जी यांच्यासमवेत लिहिलेला या प्रयोगाचा निबंध १९५३ मध्ये विकृतिशास्त्र आणि जंतुशास्त्राला वाहिलेल्या एका प्रतिष्ठित ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आतड्याची बंद पिशवी वापरण्याचा प्रयत्न १९१५ च्या सुमारासही झाला होता, पण तो विस्मृतीत गेला होता. डॉ. डे यांनी ती पद्धत स्वतंत्रपणे उभी केली आणि तिला मोजता येण्याजोग्या चाचणीचे स्वरूप दिले. महागडे यंत्र लागत नसल्याने ही चाचणी जगातील कोणत्याही साध्या प्रयोगशाळेला करता येत होती.

पुढील काही वर्षांत त्यांनी या विषयाच्या निरनिराळ्या अंगांवर निबंध लिहिले. १९५४ मध्ये पटकीच्या रोग्यांच्या मूत्रपिंडांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५६ मध्ये भट्टाचार्य आणि सरकार या सहकाऱ्यांसह त्यांनी दाखवून दिले, की जुलाबाच्या रोग्यांत सापडणारे कोलाय जातीचे काही जंतूही सशाच्या आतड्यात तसेच पाणी जमवतात. माणसाच्या आतड्यात एरवी निरुपद्रवीपणे राहणाऱ्या या जंतूंचे काही प्रकार जुलाब घडवतात, याचा हा फार मोलाचा पुरावा होता. लहान मुलांच्या आणि प्रवाशांच्या जुलाबास कारण ठरणाऱ्या कोलाय जंतूंचे विष दशकभरानंतर ओळखले गेले. त्याची रचना पटकीच्या विषाशी बरीच मिळतीजुळती निघाली, तेव्हा या निबंधाचे खरे महत्त्व ध्यानात आले.

दोन पानांचा निबंध

१९५५ मध्ये डॉ. डे कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले. सशाच्या आतड्यात पाणी जमते हे सिद्ध झाले, तरी ते जिवंत जंतूंमुळे जमते की त्यांनी सोडलेल्या पदार्थामुळे, हा प्रश्न शिल्लक होता. तो सोडवण्यासाठी त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून त्यातील सर्व जंतू काढून टाकले. उरलेला नितळ द्रव आतड्याच्या पिशवीत घातला. पिशवी पाण्याने फुगली. द्रवात एकही जंतू नसताना पटकीचा परिणाम दिसला होता. म्हणजेच जंतू जिवंतपणीच एक विष बाहेर सोडतो आणि ते विष आतड्याच्या अस्तरावर काम करते, हे सिद्ध झाले. कॉख यांनी पंचाहत्तर वर्षांपूर्वी केलेला तर्क खरा ठरला.

हा निष्कर्ष ३० मे १९५९ रोजी लंडनच्या नेचर या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. निबंध जेमतेम दोन पानांचा होता आणि त्यावर एकट्या डॉ. डे यांचे नाव होते. जंतुविरहित द्रवाची आतड्यावरील विषारी क्रिया एवढाच विषय त्याच्या शीर्षकात होता. त्यात कोणताही मोठा दावा नव्हता.

त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतही या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या वाटेने शोधले जात होते. तेथे एन. के. दत्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूध पिणाऱ्या सशाच्या पिलांमध्ये पटकी घडवून आणण्याची पद्धत १९५५ मध्येच विकसित केली होती. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी १९५९ मध्ये जंतूंपासून केलेल्या जंतुविरहित अर्काने या पिलांना जुलाब होतात, असे दाखवले. कलकत्ता आणि मुंबई येथील या दोन भारतीय प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे आणि अत्यल्प साधनांनिशी एकाच वर्षी पटकीच्या विषाचा ठाव घेतला, ही भारतीय वैद्यकाच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. डॉ. डे यांच्या चाचणीत पाणी नेमके कोठे आणि किती जमते हे मोजता येत असल्याने पुढील संशोधनात तिचा वापर अधिक व्यापक झाला.

१९६० मध्ये डॉ. डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाच्या गुणधर्मांवर अधिक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये पटकीच्या विकृतिशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ ब्रिटनमध्ये प्रकाशित झाला.

अनुल्लेखाची वर्षे

इतका मूलभूत निष्कर्ष जगातील एका अग्रगण्य साप्ताहिकात छापून येऊनही प्रारंभीची काही वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. याची कारणे अनेक होती. पश्चिमेकडील देशांतून पटकी तेव्हा जवळपास नाहीशी झाली होती आणि मोठ्या प्रयोगशाळांना तिच्यात रस उरला नव्हता. अंतर्विषाची जुनी कल्पना पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली होती. शिवाय डॉ. डे परिषदांमधून फिरणारे गृहस्थ नव्हते. ते मितभाषी होते, संघटना आणि पदे यांपासून दूर राहत. आपला निबंध छापून आला, की आपले काम झाले, असा त्यांचा स्वभाव होता.

१९६१ मध्ये इंडोनेशियातून पटकीची सातवी जागतिक साथ सुरू झाली आणि परिस्थिती पालटली. ढाका, कलकत्ता आणि अमेरिकेतील प्रयोगशाळांमध्ये या रोगावरील संशोधनाला वेग आला. विष शोधायचे, तर ते मोजण्याची पद्धत हवी, आणि ती पद्धत १९५३ पासून तयार होती. सशाच्या आतड्याची चाचणी हळूहळू जुलाबाच्या रोगांवरील संशोधनाची नेहमीची पद्धत बनली. त्या अनुषंगाने डॉ. डे यांच्या निबंधांचे संदर्भोल्लेख वाढू लागले.

१९६९ मध्ये अमेरिकेत रिचर्ड फिंकेलस्टीन आणि जोसेफ लोस्पालूटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्यानंतरच्या दशकात त्याची रेणवीय रचना उलगडली. हे विष म्हणजे प्रथिनाच्या दोन भागांची जोडणी आहे. पाच समान घटकांचे एक कडे आतड्याच्या पेशीवरील विशिष्ट स्निग्ध रेणूला चिकटते, तर दुसरा भाग पेशीच्या आत शिरून तेथील एका संदेशवाहक प्रथिनाला कायमचे चालू स्थितीत अडकवून ठेवतो. त्यामुळे पेशीत एका लहान संदेशवाहक रेणूचे प्रमाण वाढत जाते, पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागते, त्यामागोमाग सोडियम आणि पाणी आतड्यात उतरते. पेशी मरत नाही आणि अस्तर सोलले जात नाही. आतड्याचे काम फक्त उलट्या दिशेने सुरू होते.

या शोधाचा परिणाम पटकीपुरता राहिला नाही. पेशीच्या बाहेरचा संदेश आत कसा पोहोचतो, याचा अभ्यास करणाऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञांना पटकीचे विष हे एक अचूक हत्यार मिळाले. ज्या संदेशवाहक प्रथिनांच्या शोधासाठी आल्फ्रेड गिलमन आणि मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांच्या अभ्यासात या विषाचा मोठा उपयोग झाला. १९९६ मध्ये मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकालानोस यांनी दाखवले, की विषाची जनुके मुळात जंतूची नसून जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूकडून आलेली आहेत. २००० मध्ये पटकीच्या जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. रेणवीय जीवशास्त्राच्या या साऱ्या दालनाचे दार कलकत्त्यातील सशांवरील प्रयोगांनी उघडले होते.

अपुरे राहिलेले काम

विषाचे अस्तित्व सिद्ध केल्यानंतर त्याचे शुद्धीकरण ही ओघाने येणारी पायरी होती. डॉ. डे यांना ती स्वतः गाठायची होती आणि त्यांनी तसे प्रयत्नही केले. पण त्यासाठी अतिवेगवान अपकेंद्री यंत्रे, शीतगृहे, प्रथिने वेगळी करण्याची साधने आणि प्रशिक्षित सहायक लागतात. वैद्यकीय महाविद्यालयाच्या एका अध्यापन विभागात यांपैकी फारच थोडे उपलब्ध होते. अत्याधुनिक प्रयोगशाळा असलेले परदेशी संशोधक या शर्यतीत झपाट्याने पुढे गेले आणि त्यांनीच मोकळा केलेला मार्ग त्यांच्या हातून निसटला.

डॉ. डे यांच्या जीवनातील खरी खंत ही होती. पुरस्कार मिळाला नाही, याचे दुःख त्यांनी कधी उगाळले नाही. हाती घेतलेला प्रश्न शेवटपर्यंत नेण्याची साधने मिळाली नाहीत, ही बाब मात्र त्यांच्यासारख्या संशोधकाला लागून राहणे स्वाभाविक होते. संशोधन आणि वैद्यकीय शिक्षण यांचे मार्ग देशात वेगळे पडल्याने महाविद्यालयांतील गुणवंतांची कशी कोंडी होते, याचे उदाहरण म्हणून त्यांच्या या अनुभवाकडे पुढे अनेकांनी बोट दाखवले.

१९७३ मध्ये डॉ. डे शासकीय सेवेतून निवृत्त झाले. तोवर देशात त्यांचे नाव सहकारी, विद्यार्थी आणि या विषयाचे मोजके जाणकार यांच्यापलीकडे फारसे पोहोचलेले नव्हते.

नोंदवहीने दिलेली साक्ष

१९७८ मध्ये स्वीडनमधील नोबेल प्रतिष्ठानाने पटकी आणि तत्सम रोगांवर विशेष परिसंवाद आयोजित केला. त्याचे निमंत्रण डॉ. डे यांना मिळाले. ज्या विषावर जगातील अग्रगण्य शास्त्रज्ञ तेथे बोलणार होते, त्याचा शोध लावणारा माणूस निवृत्त होऊन कलकत्त्यात राहत असल्याचे अनेकांना तेव्हा नव्याने समजले. आपण विज्ञानाच्या जगात १९६० च्या दशकाच्या आरंभीच संपलो होतो, या परिसंवादाच्या निमित्ताने आपल्याला पुन्हा वर काढण्यात आले, अशा आशयाची भावना त्यांनी त्या वेळी व्यक्त केली होती. नोबेल पारितोषिक विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पारितोषिकासाठी त्यांच्या नावाची शिफारसही केली. मात्र ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी डॉ. शंभूनाथ डे यांचे निधन झाले. भारतातील विज्ञानजगताने या घटनेची फारशी नोंद घेतली नाही.

त्यांच्या कार्याचा विस्तृत हिशेब मांडला गेला तो पुढच्या वर्षी, आणि तोही दूरवर फिलाडेल्फिया येथे. कोणत्या शोधनिबंधाचा आधार कोणी घेतला, याची पद्धतशीर नोंद ठेवणारी सूची तयार करण्याचे श्रेय अमेरिकी माहितीशास्त्रज्ञ यूजीन गारफिल्ड यांच्याकडे जाते. त्यांच्या संस्थेने १९६४ पासून ही सूची प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. दोन निबंधांचा उल्लेख इतर संशोधक पुन्हा पुन्हा एकत्र करत असतील, तर ते निबंध एकाच विचारधारेचे असले पाहिजेत, या तत्त्वावर गारफिल्ड यांची संस्था विज्ञानातील निरनिराळ्या क्षेत्रांचे नकाशे तयार करीत असे. या नकाशात गावांच्या जागी शोधनिबंध असतात आणि रस्त्यांच्या जागी संदर्भोल्लेख.

एप्रिल १९८६ मध्ये गारफिल्ड यांनी पटकीच्या संशोधनाचा असा नकाशा प्रसिद्ध केला आणि त्या लेखाच्या शीर्षकातच कलकत्त्याच्या शंभूनाथ डे यांचे नाव घातले. १९५३ आणि १९५९ चे निबंध या क्षेत्राच्या पायाशी असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. सुरुवातीला दुर्लक्षित राहिलेल्या कामाला पुढे कसे महत्त्व येत गेले, हेही त्यांनी दाखवले. एरवी एखाद्या संशोधकाच्या थोरवीबद्दल मतभेद होऊ शकतात. येथे मात्र जगभरातील शेकडो संशोधकांनी, एकमेकांशी न ठरवता, आपापल्या निबंधांच्या शेवटी दिलेल्या तळटीपांचीच साक्ष होती.

त्यानंतर भारतातही जाग आली. बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या करंट सायन्स या नियतकालिकाने १९९० मध्ये डॉ. डे यांच्या कार्यावर विशेष अंक काढला. त्यांच्या निबंधांबरोबरच देशविदेशातील तज्ज्ञांचे मूल्यमापनपर लेख त्यात समाविष्ट होते. ज्या गुणवंताला देशाच्या विज्ञानसंस्थांनी हयातीत ओळखले नाही, त्याच्याविषयीची ही एका अर्थाने जाहीर कबुली होती. २०१५ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने त्यांच्या कार्याला पुन्हा उजाळा मिळाला.

संदर्भोल्लेखांची मर्यादा

संदर्भोल्लेखांची संख्या हा निकषही परिपूर्ण नाही, हे डॉ. डे यांच्याच उदाहरणावरून दिसते. १९५९ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कोणी हा निकष लावला असता, तर या निबंधाला फारशी किंमत नाही, असाच निष्कर्ष निघाला असता. गरीब देशांतील रोगांवर काम करणाऱ्यांची संख्या कमी, म्हणून अशा निबंधांचे उल्लेखही कमी होतात. दुसरीकडे, एखादा शोध पाठ्यपुस्तकात जाऊन बसला, की मूळ निबंधाचा उल्लेख करण्याची गरजच कोणाला वाटत नाही. पटकीचे विष असा उल्लेख आज असंख्य निबंधांत येतो, पण ते प्रथम कोणी दाखवले, हे त्यांतील थोड्याच ठिकाणी नोंदलेले असते. एखाद्या संशोधकाची योग्यता त्याच्या निबंधांवरील आकड्यांतून तात्काळ ठरवू पाहणाऱ्यांनी या बाबी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

उपचारांशी असलेले नाते

पटकीच्या उपचारातील सर्वांत मोठी क्रांती म्हणजे तोंडावाटे देण्याचे साखर आणि मिठाचे पाणी, म्हणजेच जलसंजीवनी. हा उपचार डॉ. डे यांचा नव्हे. तो ढाका आणि कलकत्ता येथील संशोधकांनी १९६० च्या दशकात विकसित केला आणि १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवला. तेथे सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. मात्र पटकीत आतड्याचे अस्तर नष्ट होत नाही आणि साखरेबरोबर सोडियम शोषून घेण्याचा त्याचा मार्ग शाबूत राहतो, म्हणूनच हा उपचार शक्य होतो. विष पेशीला मारत नाही, केवळ तिचे काम बिघडवते, हे डॉ. डे यांच्या शोधातून पुढे उलगडलेले ज्ञान या उपचारामागील कारण समजावून देते. विषाच्या निरुपद्रवी भागाचा वापर करून पटकीवरील एक तोंडावाटे घेण्याची लसही नंतर तयार झाली.

पटकीचा पूर्ण नायनाट अद्याप झालेला नाही. जागतिक आरोग्य संघटना वापरत असलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, जगात दरवर्षी १३ लाख ते ४० लाख लोकांना हा रोग होतो आणि त्यांपैकी २१ हजार ते १ लाख ४३ हजार लोक मृत्युमुखी पडतात. वेळेवर उपचार मिळाल्यास मात्र शंभरातील एकही रोगी सहसा दगावत नाही. युद्ध, पूर आणि स्थलांतर यांनी शुद्ध पाण्याची व्यवस्था कोलमडते, तेथे हा रोग पुन्हा डोके वर काढतो. १९५० च्या दशकातील कलकत्त्यात डॉ. डे यांनी पाहिलेली परिस्थिती जगाच्या अनेक भागांत अजूनही कायम आहे.

डॉ. शंभूनाथ डे यांच्या नावावर मोठ्या संस्था नाहीत, पदकांची रांग नाही. एका अध्यापन विभागातील अपुऱ्या जागेत, रेशमी धागा, सशाचे आतडे आणि गाळलेला द्रव एवढ्या सामग्रीनिशी त्यांनी पाऊण शतक अडलेले कोडे सोडवले. १९५९ मधील त्यांचा दोन पानांचा निबंध आजही उपलब्ध आहे आणि पटकीचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यापाशी थांबावेच लागते.